एसटीच्या गेमसाठी यूआय स्वतःच लिहितोय, थांबू की पुढं जाऊ?

मुक्कामी_गाडी · रविवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊनच बसा.

मी एकटाच एक गेम करतोय. एसटीचं आगार चालवायचं. पहाटे गाड्या सोडायच्या, चालक-वाहकांच्या ड्युट्या लावायच्या, वाटेत गाडी बंद पडली की दुसरी पाठवायची, रात्री मुक्कामी गाड्या गावोगाव पोचवायच्या. थ्रीडी वगैरे काही नाही. वरून दिसणारा एक नकाशा आणि बाकी सगळ्या याद्या, तक्ते, पाट्या. म्हणजे खरं सांगायचं तर यूआय (खेळाडूला दिसणारी बटणं, याद्या, खिडक्या) हाच गेम आहे. भाषा सी, खाली रेलिब ही गेमसाठीची तयार लायब्ररी. वडील एकतीस वर्षं एसटीत वाहक होते, त्यामुळे माहितीही घरात आणि टेस्टरही घरात.

सुरुवात सगळे करतात तशीच केली. आयत काढला, वर अक्षरं लिहिली, माऊस आयताच्या आत आहे का आणि बटण दाबलंय का एवढं बघितलं. पहिले चार स्क्रीन असे झाले आणि मला वाटलं, यूआय यूआय म्हणतात ते एवढंच होय! पाचवा स्क्रीन वेळापत्रकाचा. त्यात एक स्तंभ थोडा रुंद केला की उजवीकडचे सगळे आकडे पुन्हा हातानं बदलायचे. एका रविवारी मी फक्त एक्स आणि वाय बदलत बसलो होतो. मग गणपतीत ठरवलं की आपलीच एक छोटी यूआय सिस्टीम लिहायची. आता संक्रांत झाली. गेममध्ये तेव्हा सहा मार्ग होते, आजही सहाच आहेत.

सिस्टीम बरीचशी चालते, पण तीन ठिकाणी गाडं अडलंय.

अक्षरांचं आधी सांगतो, कारण त्यात माझी अब्रू गेली. रेलिबला कुठली अक्षरं हवीत हे न सांगता फॉन्ट दिला की तो इंग्रजीची ९५ चिन्हं तेवढी घेतो, त्यामुळे पहिल्या दिवशी सगळ्या पाट्यांवर नुसती प्रश्नचिन्हं. मग यूनिकोडमधला देवनागरीचा १२८ जागांचा अख्खा पट्टा दिला. अक्षरं आली! ‘सातारा’ झकास, ‘पंढरपूर’ झकास. बाबांना हाक मारली. ते चष्मा लावून बसले आणि म्हणाले, ‘‘चपिळूण कुठं आलं?’’ पहिली वेलांटी च च्या आधी यायची ती नंतर पडत होती. कोल्हापूरच्या ल चा पाय मोडून ‘कोल्‌हापूर’ झालेलं. आणि आम्ही ज्या गावात राहतो त्या मिरजेची पाटी वाचली जात होती ‘मरिज’. दवाखान्यांच्या गावाला हे नाव शोभतं म्हणा, पण पाटीवर नको.

दुसरं म्हणजे दाबण्याचं. बाबांनी टॅबलेटवर चुकून ‘फेरी रद्द’ वर बोट ठेवलं, लक्षात आल्यावर घाबरून बोट बाजूला सरकवलं आणि मग उचललं. फेरी रद्दच झाली. ‘‘अरे, मी सोडलं कुठं होतं?’’ म्हणाले. त्याच दिवशी आणखी एक सापडलं: ‘खात्री आहे का?’ या खिडकीत ‘नाही’ दाबलं की ती खिडकी बंद व्हायची आणि तिच्या मागच्या यादीतली गाडीही निवडली जायची. एक टिचकी, दोन कामं.

तिसरं मांडणीचं. ओळीत चार गोष्टी असतील, दोनची रुंदी ठरलेली, एक मजकुराएवढी आणि एकीनं उरलेली जागा घ्यायची, तर माझा कोड गोल फिरतो. आईची (बाहेरच्या चौकटीची) रुंदी पोरांवर (आतल्या गोष्टींवर) आणि पोरांची आईवर. सध्या तीच आकडेमोड तीनदा चालवतो, म्हणजे बहुतेक वेळा जमतं. ‘बहुतेक’ या शब्दावर माझी झोप उडालीय.

तर विचारायचं हे की हे सगळं टाकून एखाद्या इंजिनात जावं का? की यात अजून जीव आहे? बायको म्हणते गेम कधी होणार ते विचार. तेही विचारून टाकतो.

---

उंटावरून · सोमवार, सकाळी ८:०५

भाकरी खायची तर जातंही घरीच टाकायचं का?

गोडो हे गेम इंजिन घ्या. फुकट आहे. मांडणीसाठी तयार कंटेनर आहेत, रंगरूप एका थीममध्ये ठेवता येतं. आणि गोडो ४ मध्ये मजकुराचं काम हार्फबझ आणि आयसीयू या तयार लायब्ररी करतात, त्यामुळे तुमचं चिपळूण चिपळूणच राहील. गणपती ते संक्रांत हा वेळ तिथं घातला असता तर आज सहाचे साठ मार्ग झाले असते.

राग मानू नका. मी स्वतः तीन गेम असेच अर्धवट सोडलेत, तिन्हींमध्ये बटणं मात्र सुरेख आहेत.

---

खटपट्या · सोमवार, दुपारी २:४०

उंटावरून यांचं म्हणणं खोटं नाही. उडी मारत पळणाऱ्या माणसाचा गेम असता आणि यूआय म्हणजे तीन बटणं असती, तर मीही हेच म्हटलं असतं. पण इथं गेमच याद्यांचा आहे. शिवाय तुमचं लिहून झालंय ते फेकायच्या लायकीचं वाटत नाही, तीन खिळे ढिले आहेत एवढंच.

बाबांना आधी माझा नमस्कार सांगा. त्यांनी पाच मिनिटांत जे पकडलं ते मी पूर्वी होतो त्या ऑफिसात महिनाभर कुणाला दिसलं नव्हतं. तिथं आम्ही मोबाइल गेमचं दुकान लिहीत होतो, आणि लोक खरेदीच्या बटणावर बोट ठेवून, विचार बदलून, बोट सरकवत होते. पुढचं सांगत नाही.

दाबण्याचा उपाय दोन आकड्यांचा आहे. प्रत्येक बटणाला एक ओळख-क्रमांक. ‘हॉट’ म्हणजे बोट किंवा माऊस आत्ता ज्याच्यावर आहे त्याचा क्रमांक. ‘ॲक्टिव्ह’ म्हणजे ज्याच्यावर दाबायला सुरुवात झाली त्याचा. दाबलं की हॉट असलेलं ॲक्टिव्ह होतं. सोडलं तेव्हा ॲक्टिव्ह आणि हॉट एकच असतील तरच टिचकी धरायची, नाहीतर ॲक्टिव्ह शून्य करून गप्प बसायचं. कुणीतरी ॲक्टिव्ह आहे तोवर बाकी कुणी हॉट होऊ द्यायचं नाही. बाबांनी बोट सरकवलं की हॉट जातं, उचललं की काहीच होत नाही. गेम प्रोग्रामर केसी मुराटोरी यांनी २००५ मध्ये इमिजिएट मोड यूआयवर (दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला, सगळी बटणं कोडमधून पुन्हा मांडायची पद्धत) जो व्हिडिओ केला, त्यानंतर ही रीत पसरली. आजही त्यात फारसं बदलायला काही नाही.

आता ओळख-क्रमांकाचं, कारण पुढं तुम्ही हमखास इथंच पडणार. यादीतल्या तिसऱ्या ओळीचं बटण म्हणून क्रमांक तीन, असं करू नका. तुमची यादी उशिरानुसार लागत असणार. बाबांनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं, तेवढ्यात एक गाडी आगारात शिरली, यादी हलली, आणि बोट उचलेपर्यंत तिसऱ्या ओळीत दुसरीच फेरी. सगळं नियमानं झालं आणि चुकीची गाडी रद्द! क्रमांक काढताना फेरीचा स्वतःचा नंबर आणि बटणाचं नाव मिळून हॅश करा, म्हणजे दोन्हींतून एक आकडा बनवा. ओळ कुठंही गेली तरी बटण तेच राहतं.

खिडकीतून आरपार जाणारी टिचकी ही क्रमाची चूक आहे. रंगवताना मागचं आधी, पुढचं शेवटी. टिचकी मात्र उलट दिशेनं वाटायची: सगळ्यात वरच्या खिडकीला आधी विचारायचं, तिनं घेतली की खाली काही उरत नाही. पण इमिजिएट पद्धतीत खिडकी कोडमध्ये शेवटी येते, मग आधी कसं विचारणार? तर मागच्या फ्रेममधले आयत जपून ठेवा आणि नवीन फ्रेम सुरू होताच त्यांच्यावरून हॉट ठरवून टाका. सेकंदाला साठ फ्रेम असतील तर हे सोळा-सतरा मिलिसेकंद शिळं असतं. माणसाला कळत नाही. फक्त जे बटण याच फ्रेमला जन्मलं त्याला टिचकी मिळणार नाही, आणि ते बरंच आहे. खिडकी उघडता उघडता ‘हो’ दाबलं जात नाही.

हीच युक्ती तुमच्या मांडणीचा गोंधळही अर्धा सोडवते, कारण टिचकीसाठी मागचे आयत हाताशी असले की या फ्रेमच्या जागा लगेच ठरवाव्या लागत नाहीत. तुम्ही बहुधा प्रत्येक गोष्ट कोडमध्ये आली की तिथंच जागा ठरवून रंगवताय. तसं करू नका. फ्रेमभर फक्त कुणाच्या आत काय आहे याचं झाड बांधा, रंगवू काही नका. झाड पूर्ण झालं की रुंदी खालून वर: मजकूर आणि ठरलेल्या मापाच्या गोष्टी आपली रुंदी सांगतात, आई पोरांची बेरीज करते. मग वरून खाली: उरलेली जागा ज्यांना हवी त्यांच्यात वाटायची, कमी पडली तर ज्यांना आक्रसता येतं त्यांनी आक्रसायचं. रुंद्या पक्क्या झाल्या की मगच मजकूर ओळींत मोडायचा, कारण किती ओळी होतील ते रुंदीशिवाय कळत नाही. ओळी कळल्या की उंचीसाठी तीच दोन पावलं, खालून वर, वरून खाली. सगळ्यात शेवटी जागा. तुमचं चाक फिरत राहतं कारण तुम्ही रुंदी आणि उंची एकाच फेरीत काढताय. दोन्हींची मुंडी वेगवेगळी धरली की तीनदा चालवायची गरज पडत नाही.

एका गोष्टीवर बंदी घाला. आई पोरांएवढी आणि तेच पोर आईच्या निम्मं, हे दोन्ही एकाच दिशेत नको. सिस्टीमनं तिथंच ओरडायला हवं. प्रोग्रामर रायन फ्ल्यूरी यांनी या विषयावर लिहिलंय, त्यात मापाचे प्रकार मोजकेच ठेवलेत: पिक्सेल, मजकुराएवढं, आईच्या टक्क्यांत, पोरांच्या बेरजेएवढं. शिवाय प्रत्येक मापासोबत एक ‘कडकपणा’, म्हणजे जागा कमी पडली तर हे किती दबेल. तुमच्या वेळापत्रकात वेळेचा स्तंभ अजिबात दबू नये आणि गावाचं नाव दबलं तरी चालेल, ते यातून सांगता येतं. आणि निक बार्कर यांची क्ले ही मांडणीची लायब्ररी पाहा. सीमध्ये, एकाच हेडर फाइलमध्ये, वर सांगितलेली पावलं जवळपास याच क्रमानं. वापरा किंवा नका वापरू, एकदा बसून वाचा.

डिअर आयएमगुई ही तयार यूआय लायब्ररी कुणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो. ओमार कोर्नू यांनी २०१४ पासून सगळ्यांसाठी खुलं केलेलं हे फार गुणी हत्यार आहे, आणि तुमच्या गेमच्या आतल्या तपासणीच्या खिडक्यांसाठी आजच लावा. पण ते मुळात गेम बनवणाऱ्यांसाठी आहे, खेळणाऱ्यांसाठी नाही. देवनागरी जोडाक्षरं ते स्वतः जुळवत नाही, म्हणजे मिरज तिथंही मरिजच.

काय लिहू नये तेही सांगतो. मजकूर टाइप करायची चौकट लिहू नका. मी एकदा लिहिली. कर्सर, निवड, कॉपी, फोनचा कीबोर्ड वर आला की स्क्रीन सरकवणं, आणि त्यावर मराठी कीबोर्डचं अर्धवट टाइप झालेलं अक्षर. सात आठवडे गेले, आणि गेममध्ये ती चौकट खेळाडूचं नाव विचारायला एकदा यायची. आगाराचं नाव यादीतून निवडायला द्या, विषय संपला.

बोटासाठी बटण किती मोठं? अँड्रॉइडचा सल्ला ४८ डीपी, आयफोनचा ४४ पॉइंट. दिसायला बटण लहान ठेवलंत तरी टिचकीचा आयत तेवढा असू द्या. गेमपॅडचं तुम्ही विचारलं नाही, मी काढत नाही.

अक्षरांबद्दल माझ्यापेक्षा वेलांटीताईंनी बोलावं.

---

वेलांटी · सोमवार, रात्री ९:१५

बोलावल्याबद्दल आभार. नावच असं घेतलंय म्हटल्यावर यावं लागतं.

‘मरिज’ वाचून मी घरात मोठ्यानं हसले. पण बिघाड फॉन्टमध्ये नाही आणि रेलिबमध्येही नाही. यूनिकोडमध्ये ‘मि’ हे म आणि मग ि असंच साठवलेलं असतं, उच्चाराच्या क्रमानं. वेलांटी आधी काढायची, ल आणि ह मिळून ‘ल्ह’ करायचा, र् असेल तर डोक्यावर रफार न्यायचा, हे नियम अर्धे फॉन्टच्या आत लिहिलेले असतात आणि अर्धे ते वाचणाऱ्याला माहीत असावे लागतात. हे वाचणारा कुणीतरी मध्ये लागतो, त्याला शेपिंग म्हणतात. हे काम स्वतः लिहू नका. खटपट्यांच्या चौकटीला सात आठवडे लागले, याला सात वर्षं लागतील. हार्फबझ घ्या. त्याचं नावच ‘ओपन टाइप’ या अर्थाच्या फारसी शब्दांवरून पडलंय.

जोडायचं कसं ते सांगते. हार्फबझला तुम्ही मजकूर आणि फॉन्ट देता. तो तुम्हाला अक्षरं परत देत नाही, ग्लिफचे, म्हणजे फॉन्टमधल्या आकृत्यांचे, क्रमांक देतो, आणि प्रत्येक ग्लिफ कुठं ठेवायचा ते. ‘ल्ह’ हा फॉन्टमध्ये कदाचित एकच ग्लिफ असेल, ज्याला यूनिकोडमध्ये जागाच नाही. म्हणून तुमचा १२८ जागांचा पट्टा इथं निरुपयोगी आहे. रेलिबचा अक्षरांचा साठा यूनिकोडच्या क्रमांकानं शोधला जातो. तुम्हाला स्वतःचा लागेल, ग्लिफ क्रमांक आणि आकार यांवर शोधला जाणारा. ग्लिफचं चित्र काढायला फ्रीटाइप ही लायब्ररी घ्या किंवा एसटीबी ट्रूटाइप, ते शेपिंग करत नाही पण ग्लिफचा क्रमांक दिला तर बिनतक्रार रंगवून देतं. लागेल तसा ग्लिफ साठ्यात टाकत जा, सगळे आधी भरू नका.

हार्फबझला भाषा ‘मराठी’ आहे हे सांगायला विसरू नका, नुसतं ‘देवनागरी’ पुरत नाही. आपला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे असतात. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आहेत तिथं भाषा सांगितली की आपलं वळण येतं. तुमच्या फॉन्टमध्ये आहेत का ते ‘शाळा’ आणि ‘लाल’ लिहून बघा. फॉन्टसाठी मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू पाहा, दोन्ही खुल्या परवान्याचे. मुक्त तक्त्यांत छान बसतो. बलू गुबगुबीत आहे, पाट्यांना शोभेल.

आता तुमच्या गेमचा खास शब्द: फेऱ्या. हा प्रत्येक स्क्रीनवर असणार. यात ऱ हा वेगळा आहे, नुक्ता असलेला. तुम्ही साधा र, हलंत आणि य असं टाइप केलंत तर रफार होऊन ‘फेर्या’ येईल, आणि हार्फबझ बरोबर काम करत असूनही पाटी चुकेल. दर्या आणि दऱ्या यांतला हाच फरक. तुमच्या सगळ्या मजकुराच्या फाइलीत एकदा शोध घ्या.

खटपट्यांनी सांगितलेली पहिली पायरी म्हणजे मजकुराची रुंदी. ती अक्षरांच्या रुंद्यांची बेरीज करून काढू नका. आधी शेपिंग, मग त्यानं दिलेल्या अंतरांची बेरीज. दर फ्रेमला सगळ्या पाट्यांचं शेपिंग करायची गरज नाही, मजकूर आणि आकार यांवर निकाल साठवून ठेवा. बदलतं ते घड्याळ आणि उशिराची मिनिटं, बाकी पाट्या तिथंच असतात.

घड्याळावरून आठवलं. देवनागरी अंकांची रुंदी बऱ्याच फॉन्टमध्ये सारखी नसते. १०:१९ चं १०:२० झालं की शेजारचं सगळं हलतं, आणि वेळापत्रकात ही थरथर फार त्रास देते. दहा अंकांतला सगळ्यात रुंद शोधा आणि प्रत्येक अंकाला तेवढी जागा देऊन मध्ये बसवा.

उंचीचं लक्षात ठेवा. इंग्रजी बटणाच्या मापात मराठी ओतलं की वरची वेलांटी आणि खालचा उकार कापले जातात. मी कित्येक ठिकाणी डोकं छाटलेले रफार पाहिलेत. फॉन्ट स्वतः वरची आणि खालची मर्यादा सांगतो, ओळीची उंची तिथून घ्या, ‘वीस पिक्सेलचा फॉन्ट म्हणून चोवीसची ओळ’ असा अंदाज नको.

आणि ही एक गोष्ट मी स्वतः ठेच खाऊन शिकले. मजकूर हळूहळू पुसट करायचा असेल तर ग्लिफ एकेक करून पुसट रंगवू नका. शिरोरेघ सलग दिसावी म्हणून शेजारचे ग्लिफ एकमेकांवर थोडे चढलेले असतात. अर्धपारदर्शक रंगात त्या प्रत्येक सांध्यावर गडद ठिपका दिसतो, रेघेला गाठी मारल्यासारखा. पूर्ण रंगात वेगळ्या टेक्स्चरवर (पडद्याबाहेरच्या चित्रावर) काढा आणि मग ते टेक्स्चर पुसट करा. अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोहही नको, शिरोरेघ तुटते आणि पाटी दात पडल्यासारखी दिसते.

लांब नाव तोडून पुढं तीन टिंबं द्यायची असतील तर बाइट मोजून तोडू नका. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. चिन्हं मोजूनही नको, ‘क्ष’ च्या मध्ये कापाल. हार्फबझ प्रत्येक ग्लिफसोबत तो मूळ मजकुरातल्या कुठल्या गटातून आला ते सांगतो, त्या गटाच्या सीमेवर तोडा. अक्षरं एकेक करून उमटवायची असतील तरी हाच नियम.

---

उंटावरून · सोमवार, रात्री १०:३०

मी एवढं सगळं वाचलं आणि माझा गोडोवरचा विश्वास आणखी पक्का झाला. पण शिरोरेघेच्या गाठींचं माहीत नव्हतं. माझ्या जुन्या गेममध्ये ते ठिपके होते, मी दोन दिवस फॉन्टला शिव्या देत होतो.

---

मुक्कामी_गाडी · तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री १२:१०

मंडळी, उशिरा लिहितोय, रागावू नका.

आधी हॉट-ॲक्टिव्ह केलं. संध्याकाळी बसलो, जेवायच्या आधी झालं. एवढ्या लहान गोष्टीसाठी मी ‘दाबल्यापासून २०० मिलिसेकंद थांब’ असले जुगाड लिहून ठेवले होते, ते सगळे काढले. काढताना बरं वाटलं. खटपट्यादादा, यादी हलण्याचा बग माझ्याकडे आधीपासूनच होता, मला दिसला नव्हता. मुद्दाम गाड्यांचा वेग वाढवून तपासलं, तिसऱ्या प्रयत्नात चुकीची फेरी रद्द झाली. आता क्रमांकात फेरीचा नंबर आहे.

मांडणीला दोन शनिवार-रविवार गेले. क्ले वाचलं, वापरलं नाही, माझंच पुन्हा लिहिलं. रुंदी-उंची वेगळी केल्यावर तीनदा चालवायचं बंद झालं. ‘आई पोरांएवढी आणि पोर आईच्या निम्मं’ यावर सिस्टीम ओरडते. चालू केल्या केल्या माझ्याच अकरा स्क्रीनवर ओरडली. ‘बहुतेक जमतं’ चं रहस्य तिथं होतं.

अक्षरांना सगळ्यात जास्त वेळ लागला, त्यातही हार्फबझ जोडायला नाही, ग्लिफचा साठा नव्यानं लिहायला. पहिल्या दिवशी सगळे ग्लिफ बरोबर आले पण प्रत्येक वेलांटी थोडी वर तरंगत होती. हार्फबझ अंतरं फॉन्टच्या मापात देतो, मी ती पिक्सेल समजून एका ठिकाणी भागायला विसरलो होतो. वेलांटीताई, ‘फेर्या’ माझ्या फाइलीत सव्वीस ठिकाणी निघालं. त्यातले काही तर मी शाळेपासून असेच टाइप करत आलोय. अंकांना सारखी जागा दिली, घड्याळ आता शांत आहे. शिरोरेघेच्या गाठींचं अजून केलेलं नाही, पुसट करणंच काढून टाकलं.

गोडोत गेलो नाही. पण उंटावरून यांना खरं सांगतो, तरंगणाऱ्या वेलांट्यांच्या रात्री उतरवून घेतलं होतं. इन्स्टॉल आहे, उघडलेलं नाही.

बायकोच्या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाहीत, हे तिच्या लक्षात आलंय.

आज संध्याकाळी बाबांना परत बसवलं. मिरज, कोल्हापूर, चिपळूण सगळ्या पाट्या मोठ्यानं वाचून घेतल्या. ‘फेरी रद्द’ वर मुद्दाम बोट ठेवून सरकवलं, काही झालं नाही, खूश झाले. मग वेळापत्रक उघडून बराच वेळ गप्प. मला वाटलं अक्षर बारीक पडतंय. चष्मा काढून माझ्याकडं बघत म्हणाले, ‘‘कराडहून चिपळूण दीड तासात? मग कुंभार्ली घाट काय गाडी उडत उतरणार?’’

उद्या सगळ्या वेळा त्यांच्याकडून लिहून घेतोय.